लांब पाय, आखूड पाय

डॉक्टरांनी पाच मिनिटांत सोडलं.
नवा खुबा छान बसलाय म्हणाले, भरपूर चाला.
बस साडेपाचला,
ती चुकली तर बोट चुकली आणि रात्र धक्क्यावर.
म्हणजे अख्खा दिवस हातात,
आणि टालिनमध्ये आम्हाला काही काम नाही.
बेचाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच.

या शहरात आलो ते कागदांसाठी, दातांसाठी,
एकदा एंडेलच्या भावाला पोचवायला.
तटबंदी, बुरूज, टोकदार छपरं
कायम ट्रामच्या काचेतून, उजव्या हाताला.
"लाइने, आज आपणही टुरिस्ट होऊ," तो म्हणाला,
आणि निळी टोपी उलटी घातली.
सत्तरीचा माणूस.

विरू वेशीपाशी फुलवाल्या.
एकीनं रशियन हेलात विचारलं, कुठून आलात?
हीउमा बेटावरून, मी म्हटलं.
"मग परदेशीच की!"
आणि अ‍ॅस्टरचा एक मोडका देठ फुकट दिला.

पुढे गोटे, गुळगुळीत, मध्येच डोकं वर काढणारे.
एंडेल काठी टेकतो, कानोसा घेतो, मग पाऊल टाकतो,
हिवाळ्यात गोठल्या समुद्रावर टाकावं तसं.

तटाला लागून स्वेटरवाल्या बायका.
आमच्या गावची नक्षी होती एका मोज्यावर,
एक टाका चुकलेला.
किंमत बघून मी गप्प बसले.
"तू चुकवतेस तिथेच चुकलाय," एंडेल म्हणाला.
मी तर इतकी वर्षं समजत होते
माझ्या विणण्याकडे त्याचं लक्षच नसतं.

टेकडीवर जायला दोन रस्ते:
एकाचं नाव लांब पाय, दुसऱ्याचं आखूड पाय.
जुनी थट्टा आहे, राजधानी लंगडी,
म्हणून तिथे सगळ्याच कामांना उशीर होतो.
मागच्या वर्षीपर्यंत त्याचाही डावा पाय बोटभर आखूड होता.
"मी सरळ झालो, शहर आहे तसंच राहिलं,"
म्हणाला, आणि लांब पायाच्या चढाला लागला.
चार ठिकाणी थांबला.
दर वेळी काहीतरी बघायचं निमित्त:
दाराची कडी, वाळत घातलेली चादर,
कुणाची तरी मांजर.
मीही बघितलं.
नंतर चर्चसुद्धा इतक्या निगुतीनं बघितलं नाही.

उतरलो आखूड पायानं.
त्या पायऱ्यांवर त्यानं काठी माझ्याकडे दिली
आणि माझा खांदा धरला.
कुणी काही बोललं नाही.

ओलेविस्तेच्या मनोऱ्यावर मी एकटी चढले.
त्यानंच पिटाळलं. "जा तू. मी पिशवी सांभाळतो."
दगडी गोल जिना, हाताला दोरखंड,
उतरणारी पोरं पोट आत घेऊन वाट देत होती.
वर वारा, थेट आमच्या बेटावरचा.
लाल कौलं, बंदर, फिनलंडची पांढरी जहाजं,
आणि खूप खाली बाकावर
एक निळा ठिपका.

मी हात हलवला.
त्यानंही हलवला, जोरजोरात,
भलत्याच मनोऱ्याकडे बघून.
मी तरीही हलवत राहिले.
शेजारची जपानी मुलगी बघत होती खाली,
तिला कळलं असावं; तीही हलवू लागली.

"दिसले का मी?" खाली आल्यावर विचारलं.
"स्पष्ट. लाल स्कार्फ."
माझा स्कार्फ करडा.
मी तो हळूच पर्समध्ये ठेवला.

बसमध्ये दोघांनी बूट काढले.
साखरेत घोळलेले बदाम हापसालूच्या अलीकडेच संपले,
कागदाची पुडी त्यानं घडी घालून खिशात ठेवली,
का ते विचारलं नाही.
रोहुक्यूलाच्या धक्क्यावर अंधार, बोटीला अजून वेळ,
अ‍ॅस्टर बाटलीच्या पाण्यात तग धरून.

"पुढच्या तपासणीला," तो म्हणाला,
"थोडं दुखतंय म्हणून सांगू."

"कुठला पाय?" मी विचारलं.
"लांब, की आखूड?"